ऐका, म्हणा, करा

४ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

फोन करत नाही, पत्र लिहितेय. फोनवर माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत तू ओरडायला लागतोस, मग मीही ओरडते, आणि शेजारच्या बाई भिंतीवर थापा मारतात. कागदावर काय ओरडायचं ते ओरड. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा निवांत बसून वाच.

तुझी बिट्टी मजेत आहे. माझ्याकडे आली तेव्हा इंग्रजीचा तास सुरू झाला की बाकाखाली पेन्सिल शोधायचं सोंग करायची. त्यापायीच तर तू तिला माझ्या गळ्यात मारलीस, की ताई, तुझ्या शाळेत घे आणि काय ते कर. तर ऐक. मागच्या आठवड्यात या मुलीनं वर्गात ताठ उभं राहून माझ्याकडे मीठ मागितलं, इंग्रजीत. मी दिलेलं कमी पडलं म्हणून अजून मागितलं, आणि तेही जरा तोऱ्यात.

मीठ कशाला ते सांगते. शाळेच्या मागच्या अंगाला एक जुनी प्रयोगशाळा धूळ खात पडली होती. ती मी मुख्याध्यापकांच्या नाकावर टिच्चून मिळवली, घासूनपुसून काढली आणि तिचं स्वयंपाकघर केलं. ओट्यांवर शेगड्या मांडल्या, एका शेगडीला दोन मुली. पुस्तक नाही, फळा नाही, स्पेलिंग नाही. कांदा चिरायचा, बटाटे सोलायचे, सूप करायचं, अंडी फेटायची, शेवटी भांडी घासायची, आणि सगळं इंग्रजीतून. पद्धत सोपी आहे. मी वाक्य म्हणते. मुली ऐकतात, तेच वाक्य मोठ्यानं म्हणतात आणि मगच हात हलवतात. ऐका, म्हणा, करा. आधी म्हटल्याशिवाय सुरीलासुद्धा हात लावायचा नाही. अरे, ज्या मुलींना वर्षानुवर्षं एक वाक्य धड येत नव्हतं त्या आता आपसात 'तुझा गॅस मोठा आहे' म्हणून इंग्रजीत भांडतात.

नियम एकच. उंबऱ्याच्या आत आपल्या भाषेतला एक शब्द चालणार नाही. जी बोलेल तिनं ॲप्रन काढून तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं. कडक आहे, मला माहीत आहे. पण पहिल्या दिवशी तिथे काय मासळीबाजार भरला होता ते तू ऐकायला हवं होतंस.

जाता जाता एक. परवा सूप करताना बिट्टीच्या हातावर थोडं गरम पाणी उडालं. काळजीचं काही नाही, डॉक्टरांनी बघितलंय. त्या मलम लावलेल्या जाळीच्या पट्ट्या असतात ना, त्या इथे मिळेनात, तुझ्या दुकानातून चार-पाच पाकिटं पाठव. आणि बायकोला सांगत बसू नकोस, ती उगाच जीव टांगणीला लावून घेईल.

ताई


९ ऑगस्ट

ताई,

गिऱ्हाईक नव्हतं तेव्हाच वाचलं. आधीचं सगळं कौतुकानं वाचलं, हिलाही वाचून दाखवत होतो. शेवटाला आलो आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आता हिच्यापासून काय लपवू, ती समोरच बसली होती.

थोडं पाणी उडालं की माणसं नळाखाली हात धरतात, फार तर मलम चोपडतात. तू मागतेस त्या पट्ट्या मी गिऱ्हाइकाला केव्हा देतो माहीत आहे का तुला? कातडी निघालेली असते तेव्हा. साधं फडकं ओल्या जखमेला चिकटतं आणि काढताना सोलून निघतं म्हणून. आणि एक नाही, चार-पाच पाकिटं. ताई, मी औषधं विकतो. जगातल्या कुणालाही फसव, पण निदान औषधांच्या दुकानदाराला तरी असल्या थापा मारू नकोस.

कोणता हात? कुठून कुठपर्यंत? फोड आले की थेट सोललं? पाणी होतं की दुसरं काही? ही बॅग भरून बसली आहे. तुझं उत्तर येईपर्यंत कशीबशी थांबवली आहे, पण कशाच्या जोरावर थांबवू ते तू सांग.

आणि मुळात इंग्रजीच्या तासाला सूप कशाला? आपण दोघं बाकावर बसून शिकलो. घोकलं, छड्या खाल्ल्या, पण शिकलो. दुकानातल्या यच्चयावत डब्यांवरचं मला वाचता येतं. कुणी भाजलं नाही त्यात.

पट्ट्या पाठवतोय. सोबत वेदनेच्या गोळ्या आहेत, पोटात काही असल्याशिवाय देऊ नकोस.

धाकटा


१३ ऑगस्ट

धाकट्या,

उजवा हात. मनगटापासून कोपरापर्यंत. पाणी नव्हतं, बटाट्याचं सूप होतं, दाट. बोटं वाचली. झालं समाधान? डॉक्टर म्हणतात डाग राहील, पण हात पूर्ण चालेल. रोज मी स्वतः पट्टी बदलते आणि ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसते. हे तुला लिहून मी काय मिळवणार होते? तू तिथून काय फुंकर घालणार होतास?

आणि झालं ते कसं तेही ऐक. पातेलं शेगडीच्या मध्यावर ठेवायचं, हे पहिल्या दिवसापासून शिकवलंय. तुझ्या लेकीनं ते कडेला ठेवलं आणि पाठ करून ताटल्या पुसत बसली. सूप उकळलं, पातेलं हललं, कलंडलं. माझी पाठ होती, मी खिडकीपाशी दुसऱ्या मुलींकडे होते. लक्ष नव्हतं तिचं. मुलांचं नसतं. घरातसुद्धा झालं असतं.

आता छड्या खाऊन इंग्रजी शिकलेल्या माणसानं मला शिकवावं? तुझ्या दुकानात एकदा परदेशी माणूस पोट धरून आला होता, तेव्हा तू काय केलंस? हातवारे. शेवटी त्याला पोटाऐवजी दाताचं औषध दिलंस, हे आख्ख्या घराला माहीत आहे. डब्यांवरचं वाचता येतं म्हणे. आमच्या शाळेतून गेल्या वर्षी पास झालेली एक मुलगी मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर कामाला लागली. इंग्रजीत भरपूर मार्क होते तिला. पहिल्याच दिवशी कुणीतरी इंग्रजीत विचारलं की लिफ्ट कुठे आहे, आणि ही रडायला लागली. संध्याकाळी घरी पाठवली. तिची आई माझ्या दारात येऊन म्हणाली, बाई, मग मार्क कशाचे दिलेत? त्या दिवसापासून मी पुस्तक मिटलं.

आता कामाचं. मुख्याध्यापकांना ती खोली पहिल्यापासून डोळ्यांत सलते आहे. मोडकी बाकं ठेवायला हवी आहे त्यांना. परवा मला बोलावून गोड आवाजात म्हणाले की मुलीच्या वडिलांची तक्रार आली तर माझा नाइलाज होईल. म्हणजे वाटच बघतायत. तुझी एक ओळ गेली की वर्गाला कुलूप. तेव्हा तुला एवढंच सांगणं आहे, तक्रार नाही असं लिहून पाठव. मी दुसरं काही कधी मागितलं नाही तुझ्याकडे. तो वर्ग गेला तर मी परत फळ्यासमोर उभी राहून क्रियापदांची रूपं घोकून घेणार नाही. जमणार नाही मला ते आता.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

काल दुपारी तू शाळेत असताना बिट्टीला फोन केला. चोरून केला. तू खरं सांगेनास, मग दुसरं काय करणार?

आधी 'आत्यानं लिहिलंय तसंच' एवढंच म्हणत होती. मग हिनं फोन घेतला. आईचा आवाज ऐकल्यावर पोरीचा बांध फुटला.

शेगडीवर तिच्या जोडीला ती उंच मुलगी असते ना, जिला सगळ्या उंचाडी म्हणतात. बिट्टीची पाठ शेगडीकडे होती, पण त्या मुलीचं तोंड शेगडीकडेच होतं. पातेलं हळूहळू कलायला लागलेलं तिनं बघितलं. बघत राहिली. दवाखान्यात बिट्टीच्या उशाशी बसून ढसाढसा रडत तिनंच कबूल केलं, की मला दिसत होतं, पण इंग्रजीत काय म्हणायचं ते आठवेना. त्याच आठवड्यात तू तिला दोनदा ॲप्रन काढायला लावून दाराबाहेर उभं केलं होतंस, येणारे-जाणारे हसत होते. तिसऱ्यांदा नको म्हणून तिनं तोंड उघडलं नाही.

ताई, 'सरक' म्हणायला किती वेळ लागतो? तान्ह्या पोराची आई झोपेतही म्हणेल. तू त्या मुलीच्या तोंडाला असं कुलूप घातलंस की मैत्रीण डोळ्यांदेखत भाजत असताना तिला तो एक शब्द बाहेर काढता आला नाही. ही तुझी हातानं शिकायची पद्धत.

आणि तुला हे माहीत होतं. दवाखान्यात तूही होतीस, बिट्टी म्हणाली. माहीत असून मला लिहितेस की लक्ष नव्हतं तिचं. भाजलेल्या पोरीवर खापर फोडलंस, ताई. आई असती तर तुझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या.

या पत्राबरोबरच मुख्याध्यापकांना तक्रार टाकतोय. उंचाडीनं बघितलं, तुझ्या नियमापायी ती गप्प राहिली, सगळं लिहिलंय. अडवायच्या फंदात पडू नकोस. हे तुझ्या हातात पडेल तोवर ते त्यांच्याही हातात पडलेलं असेल.

तुझा भाऊ


२३ ऑगस्ट

धाकट्या,

अभिनंदन. वर्गाला कुलूप लागलं.

तुझं पत्र मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. इतक्या चवीनं वाचलं की मला वाटलं, आता चहा मागवतायत की काय. दुपारी शिपायानं कुलूप घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं मोडकं बाक आत गेलं. मुली खिडकीला नाक लावून बघत होत्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर तुझ्याशी भांडून मोकळी झाले असते. त्यांनी उंचाडीच्या बापाला बोलावलं. ट्रक चालवतो तो, गाडी रस्त्यात उभी करून धावत आला बिचारा. त्याला, पोरीच्या समोर, तुझ्या पत्रातल्या ओळी वाचून दाखवल्या. तुमच्या मुलीनं बघितलं आणि गप्प बसली, असं. बापानं तिचं दप्तर उचललं, तिला दंडाला धरलं आणि घेऊन गेला. त्यानंतर ती शाळेत आलेली नाही. हा तुझ्या दोन पानांचा प्रताप.

हो, मला माहीत होतं ती का गप्प राहिली ते. आणि तरी सांगते, नियम चुकीचा नव्हता. 'अडलं तर आपल्या भाषेत बोला' असं एकदा म्हटलं की त्यांना प्रत्येक शब्दाला अडतं. मी आधी करून पाहिलंय. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही आणि काठाला एक हात धरून कुणी आजवर पोहायला शिकलेलं नाही. एक मुलगी घाबरली, गोंधळली. वाईट झालं. म्हणून बाकीच्या सगळ्यांचं जे आयुष्यात पहिल्यांदा चांगलं चाललं होतं ते बंद करायचं? तू कधी एकदा येऊन तो वर्ग बघितलास? उंटावरून शेळ्या हाकायची सवयच आहे तुला.

मी लांब होते, माझी पाठ होती, हे शंभरदा सांगितलं. मला दिसलं असतं तर मी धावले नसते का? माझ्या भाचीला मी भाजू दिलं असतं?

बायकोला पाठवायचं तर पाठव. जेवायला घालीन, बोलणार मात्र नाही.

ताई


२७ ऑगस्ट

बाबांना,

बोटं चांगली आहेत म्हणून लिहिता येतंय. कोपर टेकलं की दुखतं, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नका.

मला तुमचा राग आलाय. आत्याचा पण आलाय. मी फोनवर आईला उंचाडीचं सांगितलं ते रडत होते म्हणून सांगितलं. मला काय माहीत तुम्ही ते जसंच्या तसं लिहून सरांना पाठवाल? तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं. आता वर्गातल्या मुली म्हणतात की हिनंच चहाडी केली. आणि ते बरोबरच आहे, मीच केली. उंचाडी शाळा सोडून घरी बसली आहे आणि तुम्ही आणि आत्या माझ्या हातावरून भांडताय. तुमच्या दोघांच्या सगळ्या पत्रांत तिला काय वाटत असेल असं एकदा तरी कुणी विचारलंय का? हो, मी पत्रं वाचली. तुमची आलेली आणि तिची लिहिलेली, आत्या सगळी टेबलावरच टाकते.

आता मी जे फोनवर सांगितलं नाही ते सांगते. नीट वाचा.

पातेलं मीच कडेला ठेवलं होतं, ते खरं आहे. उंचाडीनं बघितलं, तेही खरं आहे. पण आत्याची पाठ नव्हती. आत्या आमच्याकडेच तोंड करून उभी होती. तिला दिसलं. ती ओरडली पण. खूप जोरात ओरडली. बाबा, ती इंग्रजीत ओरडली.

'मूव्ह अवे फ्रॉम द स्टोव्ह.'

मला सगळे शब्द येत होते. अर्थ कळला होता. पण आत्या वाक्य म्हणाली की आम्ही काय करतो? तिच्याकडे बघतो, तेच वाक्य मोठ्यानं म्हणतो आणि मग हलतो. मी तसंच केलं. तिच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हणाले, 'मूव्ह अवे फ्रॉम द स्टोव्ह.' पूर्ण म्हणाले. म्हणून झालं आणि सूप हातावर आलं.

हे मी सांगितलं नाही कारण आत्याला ते कुणालाच सांगायचं नाहीये. पट्टी बदलताना ती माझ्याकडे बघत नाही, फक्त हाताकडे बघते. मला वाटलं, ती स्वतः सांगेल. पण तिनं तुम्हाला परत लिहिलं की मी लांब होते. मग मला फार राग आला. उंचाडी गप्प राहिली म्हणून तिला घरी बसावं लागतंय. मग जी ओरडली आणि आता खोटं बोलतेय तिचं काय?

मी घरी येणार नाही. आईला सांगा बॅग रिकामी कर. मला तो वर्ग परत हवाय. मला खरंच तिथे बोलता यायला लागलं होतं, तुम्हाला ते कळत नाहीये. तक्रार मागे घ्या आणि उंचाडीचं नाव त्यातून काढा. ते आधी काढा.

बिट्टी


१ सप्टेंबर

ताई,

बिट्टीचं पत्र आलं. तिनं काय लिहिलंय ते तू तिलाच विचार, मी परत लिहिणार नाही, हात उचलत नाही.

एवढंच विचारतो. तू ओरडलीस, हे खरं आहे का?

खरं असेल तर आधी का नाही सांगितलंस? भांडलो असतो, पण त्या पोरीचं नाव घेऊन पत्र लिहिलं नसतं. तू माझ्याकडून एका परक्या मुलीवर अन्याय करवलास. याचा मला जो संताप आलाय तो कागदावर मावणार नाही.

मुख्याध्यापकांना लिहितोय की माझी तक्रार नाही, मागे घेतो. तुझा वर्ग उघडो. माझं काही म्हणणं नाही आता.

भाऊ


६ सप्टेंबर

धाकट्या,

खरं आहे.

मी तिच्याकडे बघत होते. पातेलं कललेलं दिसलं आणि ओरडले. आपल्या भाषेतला शब्द तोंडात आलासुद्धा नाही रे. इतके महिने मी मुलींना जे करायला लावत होते ते माझ्याच अंगात भिनलं होतं. अर्धवट बोलायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं, तर मी पूर्ण वाक्य ओरडले. आणि तिनं हनुवटी वर केली आणि ते म्हणायला लागली. मी समोर उभी राहून ऐकत होते. उच्चार चांगला होता तिचा. ते वाक्य संपेपर्यंतचा वेळ मला रोज आठवतो आणि रोज स्वतःची चीड येते. तुला थोडं पाणी उडालं म्हणून लिहिलं, मग तुझ्या लेकीवर ढकललं, मग त्या उंच पोरीचं नाव पुढे आल्यावर तिच्यावर जाऊ दिलं. कुणावरही जाऊ दिलं, फक्त माझ्यावर येऊ नये म्हणून.

पण तू आता मोठ्या मनानं तक्रार मागे घेणार? खबरदार. तू मागे घेतलीस तर सगळं होतं तिथे राहील. वर्ग उघडेल, मी परत तिथे उभी राहीन आणि शाळेच्या लेखी दोष त्या मुलीचाच राहील. माझ्यावर दया दाखवायची असेल तर ती दुसऱ्या कशात दाखव. तक्रार राहू दे. त्यातलं तिचं नाव काढ आणि माझं घाल.

मी माझ्याकडून सगळं लिहून मुख्याध्यापकांना दिलं. माझं ओरडणं, बिट्टीचं म्हणणं, ॲप्रन, दाराबाहेर उभं करणं, सगळं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बाई, हे द्यायची खरं तर गरज नव्हती, आपण ते मुलीवरच मिटवलं होतं. मिटवलं होतं म्हणे. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, तुम्ही माझ्या भावाचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलंत ना, आता हेही तितक्याच मोठ्यानं वाचा. नाही वाचलं तर मी वाचते. शेवटी मीच वाचलं, शिक्षकांच्या खोलीत, उभं राहून. कुणी माझ्याकडे बघेना. वर्गाचं म्हणशील तर कुलूप तसंच आहे. मी त्यांना लिहून दिलंय की वर्ग हवा, शेगड्या हव्या, नियम नको. बघू म्हणाले. मी रोज जाऊन विचारते आहे आणि विचारत राहणार आहे, पण ती खोली मला परत मिळेल अशी आशा धरू नकोस.

मग उंचाडीच्या घरी गेले. बिट्टी बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. जिना चढून वर एक खोली. बाप दारात आडवा उभा. म्हणाला, पोरगी घरकाम शिकेल, इंग्रजीवाचून तिचं काही अडत नाही. मी दारातूनच त्याला सगळं सांगितलं, जे तुला वर लिहिलं ते. तो ऐकत होता, पण बाजूला सरकला नाही. आत ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिची आई म्हणाली, त्या दिवसापासून ही घरातसुद्धा कामापुरतंच बोलते. मी आत हाक मारून म्हटलं, बाळा, चूक तुझी नव्हती, माझी होती, मी शाळेत सगळ्यांसमोर सांगून आले आहे. मला वाटलं, एवढं ऐकून ती रडेल, मग मीही रडेन आणि मग ती शाळेत येईल. ती रडली नाही. घडी घालायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो तिथे असायलाच हवा होता.

मग बोलली. आपल्या भाषेत, स्पष्ट.

"बाई, मला शब्द आठवला नाही म्हणून ती भाजली, असं सगळे म्हणतात. पण तुम्हाला तर आठवला होता. तुम्ही ओरडलातसुद्धा. मग ती का नाही सरकली?"

बाप माझ्याकडे बघत होता, आई बघत होती. मी म्हटलं, कारण मी शिकवलेलं ती नीट शिकली होती.

ताई